रुग्णाची कैफियत आणि वैद्यकाचे विद्यार्थी

वैद्यकीय पदवीच्या अखेरच्या परीक्षेत ज्या भागाला ‘लाँग केस’ म्हणतात, त्याचा शिरस्ता पुण्यातील आणि महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत साधारणपणे एकच आहे. विद्यार्थ्याला एक खाट नेमून दिली जाते, पाऊण तासाच्या आसपास मुदत मिळते, आणि त्या मुदतीत रुग्णाशी बोलून त्याची ‘हिस्टरी’ घेणे, अंग तपासणे व टिपणे करणे एवढे उरकून त्याने परीक्षकासमोर ती सर्व हकीकत इंग्रजीत, ठरलेल्या क्रमाने, सादर करावयाची असते. परीक्षक त्या निवेदनातील उणिवा काढतो, निदानाविषयी खोदून विचारतो, एखादे लक्षण पुन्हा दाखवावयास लावतो. परंतु त्या पाऊण तासात विद्यार्थ्याने आपले नाव सांगितले की नाही, रुग्ण बोलू लागला तेव्हा त्याला बोलू दिले की पहिल्याच वाक्याला अडवले, खाटेवरची म्हातारी रडू लागली तेव्हा तो थांबला की पुढल्या प्रश्नाकडे वळला, हे पाहण्यासाठी तेथे बहुधा कोणीही हजर नसते. आपण निवेदनाची परीक्षा घेतो आणि संवादाला वाऱ्यावर सोडतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रुग्णकेंद्री मुलाखत कशी शिकवावी, या प्रश्नाचे मर्म माझ्या मते या एका शिरस्त्यात साठलेले आहे. आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांत या विषयावर जे नियम, जी पुस्तके व जे प्रयोग झाले, त्यांचे मोल ठरवताना ही रिकामी जागा डोळ्यांआड होऊ देता कामा नये.

रुग्णकेंद्री मुलाखत म्हणजे गोड बोलणे, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि कित्येक अध्यापकांतही आढळते, ती प्रथम बाजूस सारली पाहिजे. समजा, मार्केट यार्डात ओझी उचलणारा पन्नाशीतला एक हमाल छातीत दुखते म्हणून आला आहे. केस पेपरवरील रकान्यांत त्याची मुख्य तक्रार, ती किती दिवसांची, दुखणे कोठून कोठे जाते, चढ चढताना वाढते की बसल्या जागी, पूर्वीचे आजार, घरातील आजार, तंबाखू आणि दारू, या सर्वांची नोंद होते. आणि ती झालीच पाहिजे, कारण तिच्यावाचून निदान नाही. परंतु थोरला भाऊ अशाच दुखण्यात गेला म्हणून याला रात्री झोप लागत नाही, पोटातला वायू छातीत चढला आहे अशी त्याची स्वतःची अटकळ आहे, सोमवारी कामावर गेलो नाही तर घरात पैसा येणार नाही ही त्याची विवंचना आहे, आणि दाखल करून घेऊ नये एवढ्याच इच्छेने तो निम्मी लक्षणे लपवीत आहे, यांपैकी एकाही गोष्टीला त्या कागदावर रकाना नाही. रुग्णाला आपल्या आजाराविषयी काय वाटते, त्याला कशाची भीती आहे, त्याच्या रोजच्या जगण्यात कोठे अडले आहे आणि डॉक्टरकडून त्याची अपेक्षा काय आहे, ही चार अंगे रोगाच्या हकीकतीइतक्याच काटेकोरपणे काढून घेणे, हे रुग्णकेंद्री मुलाखतीचे काम आहे. ते मायाळू स्वभावाचे लक्षण नसून शिकण्याजोगे कसब आहे; आणि वरच्या उदाहरणात ते ज्याला साधले नाही त्याचे निदानही चुकेल.

आपल्याकडे ही जाणीव नवी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयुर्वेदाच्या परंपरेने रोग्याच्या परीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन अंगे सांगितली, आणि त्यांत प्रश्नाला दर्शन-स्पर्शनांच्या पंक्तीला बसवले. एकोणिसाव्या शतकात आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड का आहे हे सांगितले, तेव्हा त्या निकडीच्या मुळाशी मुलाखतीचाच प्रश्न होता. जी स्त्री आपले दुखणे परपुरुषापुढे उच्चारू शकत नाही, तिच्यासाठी जगातील सर्व वैद्यकविद्या असून नसल्यासारखीच. आनंदीबाई १८८६ साली पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र शतक उलटले तरी जिवंत होता, याचा दाखला गडचिरोलीने दिला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना जननसंस्थेचा काही ना काही विकार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. एवढे दुखणे घरोघर असता ते दवाखान्याच्या एकाही कागदावर आले नव्हते. कारण विचारणारा नव्हता, आणि होता तेथे सांगण्याजोगी जागा नव्हती.

पुण्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली ससून रुग्णालय उभे राहिले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ सालीच देशी भाषांचे वर्ग निघाले होते, आणि हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्याच्या त्याच हेतूने १८७८ साली बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची शाळा पुण्यात स्थिरावली. त्या माणसांची विद्या तोकडी मानली गेली. परंतु खेड्यातल्या दवाखान्यात बसून गावकऱ्याच्याच बोलीत त्याची कैफियत ऐकणे हा त्यांच्या कामाचा स्वाभाविक भाग होता. १९४६ साली शाळेचे महाविद्यालय झाले, १९४८ साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले व १९६२ पासून तेथे पदवीचे विद्यार्थी येऊ लागले, १९८९ साली भारती विद्यापीठाचे महाविद्यालय निघाले, आणि त्यानंतर खाजगी संस्थांची व अगदी अलीकडे महानगरपालिकेच्या महाविद्यालयाची भर पडली. विद्येचा दर्जा उंचावला यात शंका नाही. त्याबरोबर विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यामधील भाषेचे व राहणीचे अंतरही वाढत गेले, आणि ते भरून काढण्याची कोणतीही तरतूद अभ्यासक्रमात फार काळ नव्हती.

ही तरतूद पाश्चात्त्य देशांतही फार जुनी नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट यांनी सामान्य व्यवसायी डॉक्टरांचे गट जमवून त्यांच्याच रुग्णांविषयी चर्चा घडवली, तिचे फलित असलेले पुस्तक १९५७ साली निघाले. त्यांच्या पत्नी एनिड बालिंट यांनी १९६९ साली ‘रुग्णकेंद्री वैद्यक’ ही संज्ञा रूढ केली. आणि जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली ‘सायन्स’मधील आपल्या सुप्रसिद्ध लेखात शरीर, मन आणि समाज या तिहींचा एकत्र विचार करणारी रोगाची कल्पना मांडली. हे सारे विचारांच्या पातळीवर होते. त्याला प्रत्यक्षाची जोड मिळाली ती ध्वनिमुद्रणाने. बर्न आणि लाँग यांनी सुमारे अडीच हजार मुलाखती मुद्रित करून १९७६ साली दाखवले की बहुतेक डॉक्टरांची बोलण्याची एक ठरीव धाटणी असते आणि समोरचा रुग्ण बदलला तरी ती बदलत नाही. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतील ७४ भेटी तपासल्या; त्यांत आपले पहिले म्हणणे पुरे करू शकलेले रुग्ण अवघे २३ टक्के निघाले, आणि बाकीच्यांना सरासरी १८ सेकंदांत अडवले गेले होते. हा आकडा पुढे इतका गाजला की त्याचे गांभीर्यच झिजले. परंतु जो कोणी आपल्याकडील एखाद्या बाह्यरुग्ण विभागात घटकाभर बसेल, त्याला तो परका वाटणार नाही.

शिकवण्याच्या पद्धतीत खरी क्रांती केली ती लॉस एंजेलिस येथील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी. १९६३ साली त्यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले, आणि मुलाखत संपल्यावर त्याच व्यक्तीकडून विद्यार्थ्याचे बोलणे कसे वाटले हे वदवून घेतले. सुरुवातीस ज्या कल्पनेची हेटाळणी झाली, तिच्यावरच पुढे परीक्षांचा सरंजाम उभा राहिला. १९७५ साली डंडी येथे हार्डन यांनी ठिकठिकाणी मांडलेल्या छोट्या कसोट्यांची जी परीक्षा रचली, तिच्यात असे ‘अभिरूप रुग्ण’ सहज सामावले. आणि अमेरिकेने २००४ पासून परवान्याच्या परीक्षेत तसा स्वतंत्र भागच घातला, तो महामारीत स्थगित होऊन २०२१ साली कायमचा बंद झाला. दरम्यान कॅनडातील कॅल्गरी आणि इंग्लंडातील केंब्रिज येथील अध्यापकांनी मिळून मुलाखतीच्या आरंभापासून निरोपापर्यंतच्या एकेका कौशल्याची जी तपशीलवार मार्गदर्शिका तयार केली, ती आज देशोदेशी वापरली जाते.

हे शिकवून टिकते काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर सुदैवाने उपलब्ध आहे. मँचेस्टरचे पीटर मॅग्वायर यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांपैकी एकाला त्यांच्याच मुलाखतींचे मुद्रण दाखवून, चुका-खुबी समजावून शिकवले आणि दुसऱ्याला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे शिकू दिले. काही वर्षांनी, ती मुले डॉक्टर झाल्यावर, पुन्हा तपासले तेव्हा पहिला गट अजूनही सरस होता, असे १९८६ साली त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच पाहणीत असेही दिसले की रुग्णाला माहिती समजावून देण्याच्या कामात दोन्ही गट कच्चे राहिले, कारण ते त्यांना शिकवलेच गेले नव्हते. जे शिकवाल तेवढेच येते, आपोआप काही येत नाही, हा याचा सरळ अर्थ. २०१२ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने ४३ यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या. प्रशिक्षणाने डॉक्टरांचे वर्तन रुग्णकेंद्री होते, असे त्यांतून बऱ्यापैकी निश्चितपणे दिसले, मात्र रुग्णांच्या प्रकृतीवरील परिणाम संमिश्र आढळला. या दुसऱ्या निष्कर्षाने नाउमेद होण्याचे मला कारण वाटत नाही. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे हे साखर किती खाली आली यावरच तोलावयाचे असेल, तर माणसाला माणसासारखे वागवण्याचाही हिशेब मागावा लागेल.

आता आपल्या घरची परिस्थिती. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत संवादाचा उल्लेख होता, पण त्यामागे ना वेळापत्रक होते ना परीक्षा. २०१८ साली परिषदेने वृत्ती, नीती आणि संवाद यांविषयीची ‘एटकॉम’ नावाने ओळखली जाणारी २७ प्रकरणांची पुस्तिका काढली, आणि २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात भारतीय पदवीधर डॉक्टराच्या ज्या पाच भूमिका सांगितल्या, त्यांत ‘संवादक’ ही एक आहे. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, येथपासून पहिले वर्ष सुरू होते. शवविच्छेदनाचा देह हाच आपला पहिला गुरू, हा विषयही त्यात आहे. आणि संवादाचे पाठ चारही टप्प्यांत क्रमाने चढत जातात. आरंभीच्या महिनाभराच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची तरतूद झाली. पुढे विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे जोडून घेऊन त्यांच्याशी वर्षानुवर्षे संबंध ठेवावा, अशी योजना आली. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने डॉ. सुशीला नायर यांच्या प्रेरणेने प्रत्येक तुकडीला एक गाव जोडून देण्याचा जो परिपाठ पूर्वीच घातला होता, त्याच्याशी तिचे नाते उघड आहे. लेखी परीक्षेच्या नैदानिक विषयांत प्रत्येक प्रश्नपत्रिकेत या भागावर निदान एक प्रश्न असावा आणि कौशल्ये प्रात्यक्षिकात तपासावीत, असाही नियम झाला. एवढी विचारपूर्वक रचना याआधी आपल्या वैद्यकीय शिक्षणात या विषयाला कधी लाभली नव्हती, आणि ज्यांनी ती केली त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

पण दैव असे की ज्या पहिल्या तुकडीला हे सारे मिळावयाचे, ती तुकडी वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वीच, मार्च २०२० मध्ये, महाविद्यालये बंद झाली. संवादाचे पाठ संगणकाच्या पडद्यावर झाले; रुग्णांची भेट झाली तेव्हा दोघांच्याही तोंडावर मुखपट्टी होती. ती मुले २०२४ च्या सुमारास पदवीधर झाली. महामारीने आणलेला व्यत्यय मागे पडला, तरी त्या काळात रुळलेली एक सवय मात्र राहिली: एटकॉमचे प्रकरण म्हणजे दीडशे-दोनशे मुलांपुढे एक व्याख्यान, काही चित्रफिती, एक लेखी चिंतन आणि लॉगबुकावर सही. चिंतनाची टिपणे एकमेकांची पाहून लिहिली जातात, हे विद्यार्थी मोकळेपणाने सांगतात. व्याख्यानाने पोहणे शिकवण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि त्यात दोष त्या मुलांचा नाही.

पुण्यापुरते बोलायचे तर येथे एक साधन असे आहे की ज्याचा हेवा इतर शहरांनी करावा. बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. श्रीराम लागू निघाले, डॉ. जब्बार पटेल निघाले, डॉ. मोहन आगाशे निघाले. कानाच्या शस्त्रक्रिया, बालरोग आणि मनोविकार अशा तीन निरनिराळ्या शाखांच्या या तीन डॉक्टरांनी मराठी रंगभूमीचा एक कालखंड घडवला. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, तेव्हा दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेतील नट मनोविकारशास्त्रज्ञ होता. आगाशे यांनी पुढे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांसारख्या चित्रपटांची निर्मिती केली, आणि विस्मृती व नैराश्य या विकारांविषयी विद्यार्थी व सामान्य प्रेक्षक यांच्याशी बोलण्यासाठी त्या चित्रपटांचा उपयोग केला. माणसाचे दुःख दुसऱ्याने उभे करून दाखवावे आणि ते पाहून आपण बोलण्यास शिकावे, ही बॅरोज यांची कल्पना या शहराच्या स्वभावात आधीपासून मुरलेली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

येथे १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालू आहे. दरवर्षी शेकडो तरुण भरत नाट्य मंदिरात उभे राहून परक्याचे सुखदुःख आपल्या अंगावर घेतात. त्यांतील काहींना, आणि त्यांच्याइतकेच निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बसवाहक अशा सर्व थरांतील नागरिकांना, मेहनताना देऊन अभिरूप रुग्ण म्हणून तयार करण्याची तजवीज पुण्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन केली, तर हा विषय व्याख्यानाच्या दालनातून बाहेर येईल. आज बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच एकमेकांचे रुग्ण होतात. त्याचाही उपयोग आहे, रुग्णाच्या खुर्चीत बसल्याचा अनुभव मोलाचाच. पण वीस वर्षांचा मुलगा सत्तर वर्षांच्या विधवेची भूमिका मित्रासमोर करतो तेव्हा दोघांनाही हसू आवरत नाही, आणि शिकण्याची वेळ निघून जाते.

पाश्चात्त्य मार्गदर्शिका जशीच्या तशी येथे चालणार नाही, याचे कारण मुख्यतः एकच: आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. आजीबरोबर मुलगा असतो, सुनेबरोबर सासू, आणि पुष्कळदा प्रश्न एकीला विचारला की उत्तर दुसरी देते. इंग्रजी पुस्तकातील विद्यार्थी अशा वेळी नातेवाइकाला नम्रपणे बाहेर बसावयास सांगतो. ससूनच्या किंवा कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाहेर म्हणजे कोठे, हा पहिला प्रश्न. आणि सासूला बाहेर काढल्यावर घरी गेलेल्या सुनेला काय ऐकावे लागेल, हा दुसरा. म्हणून येथल्या विद्यार्थ्याला वेगळे कसब लागते. सासूचे म्हणणे आधी मानाने ऐकून घ्यावे, मग “मावशी, आता ताईंना तपासायचंय, तुम्ही जरा पडद्याबाहेर थांबता?” असे सहज म्हणून तपासणीच्या निमित्ताने दोन मिनिटांचा एकांत मिळवावा, आणि जे विचारणे भाग आहे ते त्या दोन मिनिटांत हलक्या आवाजात विचारावे. मुरलेल्या परिचारिका आणि स्त्रीरोग विभागातील ज्येष्ठ डॉक्टर हे रोज करतात. पण कोणी ते लिहून काढलेले नाही, शिकवलेले नाही. तीच गोष्ट दुर्धर रोगाची बातमी सांगण्याची. “वडिलांना काही सांगू नका,” ही मुलाची विनवणी आणि “मला झालंय तरी काय?” हा वडिलांचा प्रश्न, यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तरुण डॉक्टराला रुग्णाच्या हक्काचे कलम पाठ असून भागत नाही. वडिलांना किती जाणून घ्यावयाचे आहे हे प्रथम त्यांनाच विचारावे, आणि मुलाच्या भीतीलाही वाचा फोडावी, हा मार्ग अवघड असला तरी शिकवता येतो.

भाषेची अडचण याहून साधी, तरी निदानावर तिचा परिणाम थेट होतो. पुण्यातील सरकारी महाविद्यालयात अखिल भारतीय वाट्यातून परप्रांतीय विद्यार्थी येतात, सशस्त्र सेना महाविद्यालयात तर साऱ्या देशातून येतात, आणि पुणेरी घरातल्या मुलालाही शिरूर-भोरकडची बोली कानावर पडलेली नसते. गरगरते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो, या तीन तक्रारी वैद्यकदृष्ट्या तीन निरनिराळ्या इंद्रियांकडे बोट दाखवतात. विद्यार्थी मात्र तिन्हींची नोंद एकाच इंग्रजी शब्दाने करतो, आणि कान, हृदय की मेंदू हा धागा तेथेच तुटतो. पायाभूत वर्गातील स्थानिक भाषेचे तास नमस्कार-चमत्कारांत न घालवता रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात याच्या अभ्यासासाठी वापरले, तर त्या तासांचे चीज होईल.

वेळ नाही, हा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. २०१७ साली ६७ देशांतील आकडेवारी एकत्र करणारी जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत स्वीडनमध्ये एका भेटीला सरासरी साडेबावीस मिनिटे तर बांगलादेशात ४८ सेकंद मिळतात असे दिसले. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तेथे हा वेळ पाच मिनिटे किंवा त्याहून कमी आहे, आणि आपला देश त्यांतच, दोन मिनिटांच्या आसपास, मोडतो. ज्या रेसिडेंटला दुपारपर्यंत शंभर केस पेपर उरकावयाचे आहेत, त्याला ऐकण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या कष्टांचा अपमान आहे. डॉक्टरांची संख्या वाढवणे हे सरकारचे काम आहे आणि ते संवादाच्या पाठांनी टळणार नाही. तरीही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानी घातली पाहिजे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे लांगेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांना मध्ये न बोलण्यास सांगून ३३५ रुग्णांचे पहिले म्हणणे मोजले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत संपले, आणि दर दहांतील जवळजवळ आठांनी दोन मिनिटांच्या आत आपण होऊन बोलणे थांबवले. रुग्ण बोलू लागला की थांबणारच नाही ही भीती निराधार आहे. वेळ थोडा असेल तर पहिले मिनिट रुग्णाचे आणि उरलेला आपला, हा नियम गर्दीतही पाळता येण्याजोगा आहे, आणि गर्दीतच तो शिकवला पाहिजे.

यापुढचा अडथळा मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो कोणत्याही पुस्तिकेने दूर होणारा नाही. विद्यार्थी एटकॉमच्या तासाला जे ऐकतो, त्याच्या कितीतरी पट अधिक तो राउंडवर पाहतो. वरिष्ठ डॉक्टर खाटेपाशी उभे राहून रुग्णाकडे न पाहता त्याच्याविषयी इंग्रजीत बोलतात, त्याला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने वा रोगाच्या नावाने ओळखतात, पांघरूण विचारल्यावाचून बाजूस करतात, तेव्हा तेथे उभ्या असलेल्या पंचवीस मुलांना संवादाचा खरा पाठ मिळत असतो. फिलाडेल्फियाच्या जेफरसन महाविद्यालयातील होजात यांच्या २००९ च्या पाहणीत विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीत खरी घसरण दिसली ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे ते वॉर्डात गेल्यावर. हे वाचून ज्याने आपले वॉर्ड पाहिले आहेत त्याला दुःख होईल, आश्चर्य वाटणार नाही. याच्या उलट, जे अध्यापक खाटेवर टेकून “आजोबा, रात्री झोप लागली का?” असे विचारून मग केसकडे वळतात, त्यांचे विद्यार्थी वर्षांनंतरही तसेच विचारताना आढळतात. असे अध्यापक पुण्यात पूर्वीही होते आणि आजही आहेत. त्यांच्या बढतीच्या कागदावर मात्र या गुणाची नोंद होत नाही, तेथे फक्त शोधनिबंध मोजले जातात.

रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विश्वास किती विरला आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील निवासी डॉक्टरवर झालेल्या निर्घृण हल्ल्याने राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसले. दुसऱ्या बाजूने, पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या वतीने डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन व्यवसायातील कमिशन आणि अनावश्यक तपासण्यांचे जे चित्र २०१५ साली पुढे आणले, ते पाहता रुग्णांचा संशय केवळ अज्ञानातून आलेला नाही हेही मान्य करावे लागते. चांगल्या मुलाखतीने हिंसाचार थांबेल किंवा बाजार सुधारेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. उलट, रुग्णकेंद्री बोलणे हे विक्रीचे साधन म्हणून वापरणारी रुग्णालयेही आहेतच, आणि विद्यार्थ्याला ही दोन बोलणी वेगळी ओळखता आली पाहिजेत. नीती आणि संवाद हे विषय एकाच पुस्तिकेत बांधण्यात परिषदेने दाखवलेली दृष्टी येथे योग्य ठरते.

आता करावयाचे काय, याचा हिशेब मांडतो. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली: अध्यापकाने विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णाशी बोलताना व त्याला तपासताना पंधरा-वीस मिनिटे शांतपणे पाहावे, आणि नंतर पाच मिनिटे त्याला काय साधले, काय निसटले ते सांगावे. उपकरण नाही, इमारत नाही, नवी पदे नाहीत. बै. जी. महाविद्यालयात एका वर्षी अडीचशे विद्यार्थी घेतले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला अखेरच्या वर्षात असे चार प्रसंग आले, आणि एका प्रसंगाला पंचवीस मिनिटे धरली, तर एकूण पंचवीस हजार मिनिटे, म्हणजे चारशे सतरा तास होतात. शंभर अध्यापकांत ते वाटले तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम सव्वाचार तास येतात. याखेरीज लाँग केसच्या पाऊण तासापैकी पहिली दहा मिनिटे परीक्षकांपैकी एकाने खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकावीत, रुग्णाला शेवटी “या मुलाला तुमचं म्हणणं कळलं असं वाटतं का?” एवढे विचारावे, आणि त्या दोहोंना मिळून शंभरांतील वीस गुण द्यावेत, एवढा बदल महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला एका परिपत्रकाने करता येईल. विद्यार्थी परीक्षेत विचारले जाईल तेच शिकतात, ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत; तेव्हा परिपत्रकाचा मसुदा तयार करताना परीक्षक आणि मेहनताना यांची तरतूद त्यातच लिहावी, आणि पहिल्या वर्षी पुणे जिल्ह्यातील महाविद्यालयांपासून अंमल सुरू करावा.